सिकलसेलवरचं संशोधन खरंच मंदावलंय का?

नमस्कार ताई. तुम्ही पबमेडवरून (वैद्यकीय संशोधन-लेखांची ऑनलाइन सूची) सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या लेखांची वर्षवार संख्या काढली, एकूण बेरजेवरून सापेक्ष वाढीचा दर मोजला. तो दरवर्षी खाली येतोय, लेख दुप्पट व्हायला लागणारा काळ लांबतोय. मग लघुप्रबंधात 'संशोधन मंदावले' असं लिहू का, हा तुमचा प्रश्न. कृपा करून लिहू नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बावीस वर्षं काढली. ही चूक कितीतरी प्रबंधांत पाहिली, सुरुवातीला माझ्याकडूनही झाली.

कागदावर करून बघा. समजा दरवर्षी बरोबर शंभरच लेख छापून आले. बेरीज होते १००, २००, ३००, ४००, ५००. या वर्षीच्या बेरजेच्या नैसर्गिक लॉगमधून मागच्या वर्षीच्या बेरजेचा लॉग वजा केला की दर मिळतो: ०.६९३, मग ०.४०५, ०.२८८, ०.२२३. दुप्पटीचा काळ म्हणजे ०.६९३ भागिले हा दर, तो एका वर्षावरून ३.१ वर्षांवर जातो. लेख तेवढेच आले, तरी दर घसरला! मागचा साठा मोठा होत जातो, म्हणून तेवढीच भर त्यापुढे लहान दिसते. बेरीज दरवर्षी त्याच पटीने वाढली तरच हा दर टिकतो. म्हणून आधी वर्षाचे सुटे आकडे आलेखावर मांडा, तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या, आणि मगच वाढ की घट ते बोला.

वाढ दिसली तरी लगेच हुरळू नका. आपल्या बांधीत पाणी चढलं, पण त्या दिवशी सगळ्या शिवारातच पूर आला असेल तर? विज्ञानाचा सगळा पसाराच दहा-पंधरा वर्षांत दुप्पट होतो, असं विज्ञानाच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या डेरेक प्राइस यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे दर वर्षी पबमेडमधल्या एकूण लेखांत सिकलसेलचे दर लाखामागे किती, हे काढा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच असेल.

आता विदर्भाबद्दल. लेखकाच्या पत्त्यात 'नागपूर' शोधून तुम्ही वाढ दाखवली आहे, तिथे जपून. पबमेडमध्ये लेखकाचा पत्ता १९८८ पासून येतो, तोही आधी फक्त पहिल्या लेखकाचा. सगळ्या लेखकांचे पत्ते २०१४ पासून येऊ लागले. म्हणजे २०१४ नंतरची उडी काही अंशी नोंदीच्या पद्धतीमुळे आलेली आहे. सारांशही १९७५ पासूनच मिळतात, त्याआधीच्या लेखांत शब्द सापडला तर तो बहुधा शीर्षकातच. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, ते पत्त्याच्या शोधात येणारच नाही. असे जुने लेख हाताने शोधून वेगळ्या तक्त्यात द्या. शब्दांवर विसंबण्याऐवजी पबमेडचा ठरलेला विषयशब्द (लेखाचा विषय सांगायला सूचीत लावलेलं ठरावीक नाव) वापरा, नुसतं 'सिकल' टाकलं तर धान कापायच्या विळ्यावरचे लेखही येतात.

हे इतकं बारकाईनं सांगतोय, कारण आपल्याकडे हा आजार कागदावरचा नाही. कॉलेजात एसएस पॅटर्नची (आई-वडील दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेली, म्हणजे आजार असलेली) मुलं परीक्षेच्या आधी हातपाय दुखून दवाखान्यात पडलेली मी पाहिली आहेत. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. अशा वेळी कुणी तुमचा तक्ता उचलून 'या विषयातला रस आटला' असं म्हणायला नको.

शेवटचं वर्ष आलेखातून वगळा किंवा तुटक रेषेने दाखवा, कारण त्या वर्षीचे सगळे लेख अजून नोंदले गेलेले नसतात. आणि शोध कोणत्या तारखेला घेतला ते तक्त्याखाली लिहा. तुमचे वर्षवार आकडे इथे टाकलेत तर एकूण लेखांशी प्रमाण काढून मी रविवारपर्यंत पडताळून देतो.