दोन गॅलॅक्टिका आणि एक कॅसेटवाला

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की जुन्या विज्ञान-मालिका हल्ली नव्याने काढतात, त्यातली एक तरी मूळ मालिकेपेक्षा सरस आहे का? मी तीन शब्दांत उत्तर दिलं : 'आहे. बॅटलस्टार गॅलॅक्टिका.' त्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाईंनी या वेळचं सगळं सदरच मला देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी ओळख : नारायण पेठेत पंधरा वर्षं माझी व्हिडिओ कॅसेट लायब्ररी होती, जोडीला व्हीसीआर दुरुस्ती. तेव्हा ही मतं कॅसेटवाल्याची आहेत, समीक्षकाची नव्हेत.

प्रश्न : तुम्ही जुनी मालिका मुळात पाहिली तरी आहे का? की नवीच्या प्रेमात पडून जुनीला नावं ठेवताय? (सहकारनगर)

पाहिली आहे, पण कशी ते ऐका. १९८६ साली मामाने अमेरिकेहून दोन कॅसेट आणल्या. टेप तिकडची, एनटीएससी नावाच्या चित्रपद्धतीची; आपल्याकडची पद्धत पाल. माझा व्हीसीआर दोन्ही पद्धतींचा होता, टीव्ही मात्र नव्हता. त्यामुळे चित्र काळं-पांढरं दिसायचं आणि सारखं वर सरकत जायचं. मी एक हात टीव्हीच्या मागे घालून व्हर्टिकल होल्डचं बटण धरून बसायचो, आणि समोर दहा-बारा पोरं. सायलॉन नावाच्या चकचकीत यंत्रमानवांच्या डोळ्यात एक दिवा इकडून तिकडे फिरतो. तो लाल असतो हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

ती मालिका सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली. निर्माते ग्लेन लार्सन. सुरुवात अशी की अंगावर काटा यावा : माणसांच्या बारा वसाहती सायलॉनांच्या एका हल्ल्यात बेचिराख होतात. वाचलेले लोक मिळेल त्या जहाजात चढतात आणि गॅलॅक्टिका नावाच्या युद्धनौकेच्या आसऱ्याने पृथ्वी शोधायला निघतात. पण पुढे? पहिल्याच कथेत ही मंडळी एका ग्रहावर उतरतात आणि तिथे असतो जुगाराचा अड्डा. अहो, अख्ख्या गावाला सुतक आणि हे पत्ते कुटतायत! एका हंगामात मालिका बंद पडली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नव्याने करायला घ्यावं ते असं अर्धंकच्चं राहिलेलं. नीट भाजलेली भाकरी परत तव्यावर टाकली तर तिचा पापड होतो. कच्ची राहिलेली परत टाकावीच लागते. २००३ च्या डिसेंबरात रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांनी तीच भाकरी परत तव्यावर टाकली.

प्रश्न : जुन्या मालिकेतला स्टारबक हा रुबाबदार पुरुष होता. नव्या मालिकेत त्याची बाई करून टाकली. याला सुधारणा म्हणायचं? (सदाशिव पेठ)

काका, आपण राहता कुठे? नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पुरुषाने पातळ नेसून रंगमंचावर पाऊल टाकलं, तर घरंदाज बायका त्याचं पातळ नि अंबाडा पाहून आपला अंबाडा बदलायच्या. त्याच बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि आपल्याला एक वैमानिक बाई झाल्याचा धक्का बसतो?

अर्थात आपण एकटे नाही. जुना स्टारबक, म्हणजे डर्क बेनेडिक्ट, यानेही या बदलाविरुद्ध जाहीर लेख लिहिला होता. पण केटी सॅकहॉफची स्टारबक बघा. पत्ते तेच, सिगार तोच, बेशिस्तही तीच. एका डावात वरचा अधिकारी चिडून टेबल उलथतो, तर ही त्याच्या तोंडावर ठोसा ठेवून देते आणि कोठडीत जाते. जुन्या स्टारबकची बेफिकिरी गोड होती. हिची बेफिकिरी बघताना पोटात खड्डा पडतो, कारण ही बाई आतून कुठेतरी मोडलेली आहे हे दिसत राहतं.

मला जास्त भावला तो रिचर्ड हॅच, म्हणजे १९७८ च्या मालिकेतला नायक वैमानिक अपोलो. जुनी गोष्ट पुढे न्यावी म्हणून या माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक झलकपट बनवला होता. नवी मालिका येणार म्हटल्यावर तो नाराज होता. आणि मग त्याच मालिकेत त्याने टॉम झॅरेक या राजकीय कैद्याचं काम घेतलं. नवा अपोलो तुरुंगाच्या जहाजावर येतो आणि समोर कैदी म्हणून जुना अपोलो! तो प्रसंग पाहताना मी मोठ्याने 'वा!' म्हणालो. हिला वाटलं क्रिकेट लागलंय.

प्रश्न : अंतराळकथेत इतकं रडगाणं कशाला? नुसते थकलेले चेहरे. आम्ही दोन भागांत सोडून दिली. (औंध)

'तेहतीस' नावाचा भाग सोडला नसेल अशी आशा आहे. दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन येऊन धडकतात, ताफा एका क्षणात अंतराळात दूरवर उडी मारून पळतो, घड्याळ पुन्हा सुरू. पाच दिवसांहून अधिक काळ कोणाचा डोळ्याला डोळा नाही. राष्ट्राध्यक्ष आहे लॉरा रॉस्लिन, कालपर्यंतची शिक्षणमंत्री. उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत ती त्रेचाळिसावी, आणि तिच्या आधीचे बेचाळीस मेलेले. तिच्या खोलीत एक पांढरा फळा आहे. त्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलेला, पन्नास हजारांच्या आतबाहेर. दर वेळी तो खाली येतो. भागाच्या शेवटी बातमी येते की एका जहाजावर बाळ जन्मलं. बाई उठते, आकडा पुसते आणि एक वाढवून लिहिते. बस. संगीताचा गडगडाट नाही, भाषण नाही.

माझे वडील शिक्षक. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा त्यांच्या शाळेत लोक आसऱ्याला आले. वडिलांनी हजेरीच्या वहीत त्यांची नावं लिहायला घेतली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण ती वही घरात आहे. काही नावांवर आडवी रेघ आहे. आणि दोन नावं अशी आहेत, की रेघ मारून पुन्हा खाली लिहिलीत, कारण ती माणसं तीन दिवसांनी बोपोडीहून नातेवाइकांकडून चालत आली. दुसऱ्यांदा लिहिताना वडिलांचं अक्षर मोठं आलंय. रॉस्लिनने फळा पुसला तेव्हा मी उठून ती वही काढली. आता याला रडगाणं म्हणायचं असेल तर म्हणा.

प्रश्न : काका, शीर्षकगीतात गायत्री मंत्र आहे हे खरं का? आजीने ऐकलं आणि टीव्हीच बंद केला. (कर्वेनगर)

अगदी खरं. रिचर्ड गिब्स यांनी केलेल्या त्या संगीतात बाईच्या आवाजात 'ॐ भूर्भुवः स्वः' येतो आणि मग ढोलासारखी वाद्यं सुरू होतात. आमच्या शेजारी एक भिक्षुक राहतात, त्यांना मुद्दाम ऐकवलं. डोळे मिटून शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "स्वर वेदातले नाहीत, चाल बरी आहे." नारायण पेठेत यापेक्षा जास्त कौतुक मिळत नाही.

आजींना सांग, मंत्र सवित्याचा आहे आणि ही माणसं आपला सूर्य गमावून अंधारात भटकतायत. त्यांच्या बारा वसाहतींची नावंही राशींवरून आहेत : कॅप्रिका मकर, टॉरॉन वृषभ, स्कॉर्पिया वृश्चिक. पंचांग घेऊन बसा, आजी-नातीचा वेळ छान जाईल. गंमत म्हणजे यात माणसं अनेक देव मानतात आणि यंत्रं एकच देव मानतात. आजींचं मत यावर मला जरूर कळव.

प्रश्न : एवढी प्रगत युद्धनौका आणि फोनला गुंडाळी वायर? बजेट कमी पडलं का? (हडपसर)

आपण आयटीत असणार. साहेब, ती वायर हीच कथा आहे! सायलॉन संगणकांच्या जाळ्यातून शिरून सगळी नवी जहाजं बंद पाडतात. गॅलॅक्टिका वाचते, कारण ती जुनाट आहे, निवृत्त होऊन संग्रहालय व्हायच्या बेतात आहे, आणि कमांडर अडामाने तिच्यावर संगणक एकमेकांना जोडू दिलेले नाहीत. अडामा झालेला एडवर्ड जेम्स ओल्मोस तो जाडजूड रिसीव्हर उचलतो तेव्हा माझ्यासारख्या सोल्डरिंगवाल्याची छाती फुगते. माझ्या दुकानातला काळा डायलचा फोन वीज गेली तरी चालायचा. तुमचा चालतो का?

प्रश्न : आधी जुनी पाहावी की नवी? (चिंचवड)

नवी. आधी २००३ ची दोन भागांची लघुमालिका, मगच 'तेहतीस'. लघुमालिका गाळून थेट मालिकेला बसू नका, काही कळणार नाही.

प्रश्न : शेवट आवडला का? (वारजे)

नाही. मार्च २००९ मध्ये मालिका संपली, आणि चार हंगाम ज्या गाठी मारल्या त्यातल्या बऱ्याच 'देवाची करणी' म्हणून सोडून दिल्या. माझ्या दुकानात असा व्हीसीआर परत दिला असता तर गिऱ्हाईक भांडलं असतं. तरी दोनदा पाहिला.

प्रश्न : त्या जुन्या कॅसेट अजून आहेत का? (डेक्कन)

एक आहे. टेपला बुरशी लागलीय, लावायची हिंमत होत नाही. दुसरी १९९१ च्या दिवाळीत एक सभासद घेऊन गेले ते गेलेच. रजिस्टरमध्ये पत्ता आहे, सहकारनगरचा. वरचं पहिलं पत्र उघडलं तेव्हा अक्षर ओळखीचं वाटलं. आमचा दर दिवसाला दहा रुपये होता.