वेरूळ बघून मग अंकोरला जा: वाचकांच्या प्रवासप्रश्नांना उत्तरं

ह्या खेपेला प्रश्न बरेच आलेत, त्यातले चार घेतलेत.

लातूरहून एक दादा विचारतात: आई-वडील पासष्टीच्या पुढचे आहेत, त्यांना घेऊन डिसेंबरात कंबोडियाला जायलोत. टूरवाला म्हणायलाय अंकोर एका दिवसात होतं. होतं का?

नाही होत दादा. एका दिवसाचा पास ३७ डॉलरला आणि तीन दिवसांचा ६२ ला, आणि तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो म्हणजे मधे एक दिवस म्हाताऱ्या माणसांना आराम देता येतो, तोच घ्या. अंकोर म्हणजे जुन्या देवळांचा मोठा पसारा, त्यातलं अंकोरवाट हे देऊळ १२ व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मा राजानं विष्णूसाठी बांधलं, पुढं ते बौद्धांचं झालं. त्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळी सूर्य कळसांच्या मागून वर येतो आणि ते बघायला तळ्याकाठी ही गर्दी होते. सूर्य वर आला की लोक नाश्त्याला पांगतात, तुम्ही तेवढ्यात पूर्वेकडच्या ओवरीत शिरा. तिथं जवळजवळ ४९ मीटर लांब समुद्रमंथन कोरलंय, एकीकडं असुर, एकीकडं देव, मधे विष्णू, आणि खाली पाण्यातले मासे बघा, रवीच्या जवळ गेलेले मासे घुसळणीनं अक्षरशः तुटलेत! सगळ्यात वरच्या मजल्याच्या पायऱ्या लई उभ्या आहेत, आईचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच बसवा. खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत. बौद्धांच्या उपोसथाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येसारख्या त्यांच्या पवित्र तिथींना, वरचा मजला बंद ठेवतात, माझं पहिल्या खेपेला तेच झालं, एवढ्या लांब जाऊन खालूनच माघारी फिरलो, रुखरुख अजून आहे. तिथी बघूनच विमानाचं तिकीट काढा.

आणि बान्ते स्राय सोडू नका, टूरवाला लांब पडतं म्हणेल तरी. इ. स. ९६७ चं छोटंसं देऊळ, गुलाबी दगडाचं, आणि एका कमानीवर रावण कैलास हलवायलाय. हाच प्रसंग आपल्याकडं वेरूळला १६ नंबरच्या लेण्यात आहे, पार्वतीनं घाबरून शंकराचा दंड धरलाय, मागं दासी पळत सुटलीय. तिथं बान्ते स्रायला पार्वती शंकराला बिलगलीय आणि खालच्या पायरीवर जनावरं पळायलीत. दोन्ही बघितल्यावर जे कळतं ते एकटं कुठलंच बघून कळत नाही, म्हणून निघायच्या आधी एक रविवार आई-वडलांना वेरूळला न्या (मंगळवारी बंद असतं).

परभणीच्या ताई: सासूबाई पूर्ण शाकाहारी, व्हिएतनामला न्यायचंय, खायचं काय?

एक शब्द पाठ करून घ्या ताई, “आन चाय”, म्हणजे शाकाहारी जेवण. तिथं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरीच बौद्ध माणसं मांसाहार करत नाहीत, त्यामुळं चायची हॉटेलं गावोगाव असतात. अडचण एकच, साध्या हॉटेलात भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो, ते आधी विचारायचं. पहिल्या दोन दिवसांचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्याच. होई आनला राहणार असाल तर जवळच मी सॉन आहे, चाम राजांची विटांची शिवमंदिरं, १९६९ च्या बॉम्बफेकीत बरीच गेली, पण २०२० मधे आपल्या पुरातत्त्व खात्याला तिथं काम करताना अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. सासूबाईंना हे नक्की सांगा.

जालन्याहून: भूतान लेकरांसकट परवडतं का?

भारतीयांना माणशी रोज रात्रीचे १२०० रुपये सरकारी शुल्क आहे, सहा ते बाराच्या लेकरांना निम्मं, त्याखालच्यांना काहीच नाही. व्हिसा लागत नाही, परमिट लागतं. तक्तसांगचा मठ ३००० मीटरच्या वर आहे, पारोला पोचल्या पोचल्या चढू नका, दोन दिवस अंग रुळू द्या.

संभाजीनगरची एक विद्यार्थिनी: आमच्या घरी बाबांना बोरोबुदूर बघायचंय, पण आम्ही अजून अजिंठासुद्धा नीट बघितला नाही. आधी काय?

बाळा, आधी अजिंठा, आणि दिवसभर. १७ नंबरमधे जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, रंगवल्यात, त्यातल्या दोन-तीन गोष्टी बाबांना ओळखता आल्या पाहिजेत. मग इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या बोरोबुदूर स्तूपाच्या भिंतींवर त्याच परंपरेतल्या जातककथा दगडात दिसतील आणि बाबा स्वतःच बोट दाखवून सांगायला लागतील. तिथं २६७२ शिल्पपट आणि ५०४ बुद्धमूर्ती आहेत, पूर्वेच्या दारानं शिरून उजव्या हाताला स्तूप ठेवत फिरायचं, म्हणजे बुद्धाच्या आयुष्याची गोष्ट क्रमानं पुढं सरकते. वर चढायला रोज ठराविकच माणसं सोडतात, तिकीट आधी काढून ठेवा. दगड झिजू नये म्हणून वर चढताना विणलेल्या चपला देतात, त्यांचं नाव “उपानत”. संस्कृतात पायताणाला उपानह् म्हणतात, तोच शब्द. बाबांना ती चपल पायात घालून दे आणि हे सांग.