पोरगा जर्मनीत, बोलणं दोनच मिनिटांचं

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातली. पोरगा नोकरीला जर्मनीत असतो. फोन करतो पण जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, झालं. मी दुपारी लावला तर उचलत नाही, मग जीव टांगणीला लागतो. मला टाईप करता येत नाही. काय करू?

उत्तर : मावशी, आधी घड्याळाचं बघा. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागं असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास, म्हणजे तुमचे दुपारचे 3 तेव्हा त्याची सकाळ, ऐन कामाचा टाईम. रात्री 9:30 ला लावा, निवांत सापडंल.

टाईप कशाला करताय, व्हॉट्सअ‍ॅपवर माईकचं बटन दाबून वर सरकवा, बोट धरून ठेवायची गरज नाही, मग सोयाबीनला काय भाव लागला, म्हैस व्यायली का, शेजारणीशी काय वाजलं, सगळं बोला अन् पाठवून द्या, तो बसमध्ये ऐकंल. मला तर हेच फोनपेक्षा भारी वाटतं, कारण तब्येतीची चौकशी कुणीबी करतं, पण गावाकडचं असलं बारीकसारीक आईशिवाय कोण सांगणार?

आणि येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, शेतातून व्हिडिओ कॉल कराच. कडब्याची कोप (खोपटं), आतले पांडव म्हणून पुजलेले दगड, भज्जी, आंबिलाचं मडकं सगळं दाखवा. आपले दुपारचे 12 म्हणजे तिकडं सकाळचे 7:30, त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.