मधाचे मद्य: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: मधापासून केलेल्या पेयाला इंग्रजीत 'मीड' म्हणतात. हा शब्द आपल्या 'मद्य' या शब्दावरून गेला असे एका कार्यक्रमात ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: मीडचे आपल्या भाषेशी नाते आहे, परंतु ते 'मद्य' शब्दाशी नसून 'मधु' शब्दाशी आहे. 'मद्य' हा शब्द 'मद्' या धातूपासून आला. 'मधु', आपला 'मध', इंग्रजीतील 'मीड', रशियन भाषेतील 'म्योद' आणि लिथुआनियन भाषेतील 'मेदुस' हे शब्द मात्र एकाच प्राचीन मुळाचे आहेत. त्यातही अर्थाची सरमिसळ झालेली दिसते. रशियन आणि लिथुआनियन शब्दांचा अर्थ मध असा आहे, त्याच मुळाच्या प्राचीन ग्रीक 'मेथु' या शब्दाचा अर्थ द्राक्षमद्य असा झाला आणि संस्कृतात 'मधु' दोन्ही अर्थांनी चालत राहिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकारांमध्ये 'मधु' येते, पण तेथे ते द्राक्षांच्या रसाचे आहे. त्यामुळे प्राचीन ग्रंथात 'मधु' दिसले की त्याला मीड समजणे योग्य नाही; प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहावा लागतो.

मधाचे आंबवलेले पेय फार जुने आहे यात मात्र शंका नाही. चीनमधील जिआहू येथे सापडलेल्या सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळ यांच्या मिश्र पेयाचे अंश मिळाले आहेत. इथिओपियात 'तेज' हे मधाचे पेय आजही घरोघरी होते आणि त्याला गेशो नावाच्या झुडपाच्या पानांचा व काड्यांचा कडवटपणा दिला जातो.

प्रश्न: पुण्यात एका मेजवानीत मीड प्रथमच चाखले. मधाचे पेय म्हणून गोड असेल असे वाटले होते, पण ते जवळजवळ कोरडे, म्हणजे गोडी नसलेले, आणि किंचित आंबट निघाले. त्यात भेसळ असावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: केवळ गोडी नाही म्हणून भेसळीची शंका घेण्याचे कारण नाही. मधात सुमारे 80 टक्के साखर असते. मध पाण्यात विरघळवल्यावर यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. यीस्टने सगळी साखर संपवली की गोडी जाते आणि मागे राहतो तो मधाचा गंध, म्हणजेच माशांनी ज्या फुलांवरून मकरंद आणला त्या फुलांचा गंध. मला स्वतःला मीडची खरी गंमत येथेच वाटते, कारण गोडीचा पडदा दूर झाल्यावर मध किती निरनिराळ्या चवींचा असतो हे तेव्हा कळते.

गोड मीडही असते. पोलंडमध्ये तर मध आणि पाण्याच्या प्रमाणावरूनच नावे ठरलेली आहेत. एक भाग मधाला अर्धा भाग पाणी असेल तर 'पुउतोराक', एक भाग असेल तर 'द्वुयन्याक', दोन भाग असेल तर 'त्रुयन्याक' आणि तीन भाग असेल तर 'च्फुर्न्याक'. पहिला प्रकार इतका दाट आणि गोड असतो की तो अनेक वर्षे मुरवावा लागतो. आपल्याकडे पुण्याजवळ मूनशाइन आणि नाशिकला सेराना हे उत्पादक मीड करतात. सेराना हे नाव आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातील आहे. पुढच्या वेळी वाइनच्या निमुळत्या ग्लासात, थंड पण बर्फाशिवाय घ्यावे, आधी वास घ्यावा आणि मग घोट घ्यावा. फार थंड केल्यास गंध दबतो. मध औषधी मानला जातो म्हणून मीडही औषध आहे, असा समज मात्र कृपया करून घेऊ नये.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे घरी मीड करायला घेतले, पण सहाव्या दिवशी त्याला कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला. ते टाकून द्यावे का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर: लगेच टाकू नये. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे आणि यीस्ट उपाशी असल्याची ती खूण आहे. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारे नायट्रोजनयुक्त घटक बऱ्यापैकी असतात, मधात ते अत्यल्प असतात. साखर भरपूर आणि बाकीचे पोषण नाही, अशी यीस्टची अवस्था होते. मिश्रण निर्जंतुक चमच्याने हलके ढवळून वायू जाऊ द्यावा. पहिल्याच आठवड्यात असल्याने यीस्ट न्यूट्रिएंटची, म्हणजे यीस्टला लागणाऱ्या पोषक द्रव्यांची, थोडी मात्राही देता येईल. वास बहुधा काही दिवसांत जातो.

पुढच्या वेळी 1 किलो मध घेऊन कोमट पाण्याने एकूण 4 लिटर मिश्रण करावे. साखर पूर्ण आंबली तर सुमारे 12 टक्के अल्कोहोल होते. मध उकळू नये, कारण गंध वाफेबरोबर निघून जातो. वाइनचे यीस्ट वापरावे, न्यूट्रिएंट पहिल्या काही दिवसांत विभागून घालावे आणि तापमान 20 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे. भांडे घट्ट बंद न करता एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप, लावावा. हायड्रोमीटरचे, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे, माप काही आठवडे तेच राहिल्याखेरीज बाटल्या भरू नयेत. आंबणे चालू असताना बूच लावलेली बाटली फुटते आणि काचा लागून गंभीर इजा होऊ शकते. त्यानंतर निदान सहा महिने वाट पाहावी. पहिल्या महिन्यात बोचरे लागणारे मीड वर्षभराने ओळखू येणार नाही इतके मऊ झालेले असते.

प्रश्न: माझ्या सातेरीच्या मधपेट्या आहेत. थोडे मीड घरी करून पाहिले तर चालेल का? (एक मधपाळ, सातारा जिल्हा)

उत्तर: नाही. अमेरिकेत घरापुरते मीड करण्यास कायद्याने मुभा आहे, परंतु महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि प्रमाण थोडे असले तरी त्यातून सूट मिळत नाही. आपली निराशा होईल हे मी जाणतो, पण येथे वेगळे उत्तर देता येत नाही.

आपल्या हाती मात्र मीडमधील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, त्या परिसरात जांभूळ, हिरडा आणि गेळ्याचा मध मिळतो, आणि कारवी अनेक वर्षांतून एकदा फुलली की तिचाही मिळतो. हे सगळे एकाच डब्यात ओतले की केवळ 'जंगली मध' उरतो. प्रत्येक बहराचा मध स्वतंत्र काढून डब्यावर फुलाचे नाव आणि काढणीची तारीख लिहावी. माशांनी मेणाने झाकलेल्या घरांचाच मध घ्यावा आणि त्यातील पाणी 20 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, कारण पातळ मध डब्यातच आंबू लागतो. असे नमुने घेऊन परवानाधारक उत्पादकांकडे जावे आणि जांभळाचा मध पहिल्यांदा दाखवावा. त्याची किंचित तुरट, कडसर चव मीडमध्ये फार सुंदर उतरते.