शंका-समाधान: फरशीच्या कडेवर भरती मोजता येईल का?

प्रश्न (एक वाचक, लातूर): घरासाठी शहाबादी फरशी आणली. तुटलेल्या कडेवर पातळ थर दिसतात. प्राचीन समुद्राच्या भरती-ओहोटीची नोंद दगडात राहते म्हणतात, ती हीच का? घरच्या घरी मोजता येईल का?

उत्तर: फरशी समुद्रातलीच आहे, पण भरती मोजायला ती उपयोगाची नाही. शहाबादी म्हणजे कलबुर्गीकडचा, भीमा खोऱ्यातला चुनखडक. उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला तो चुन्याचा बारीक चिखल. भरतीची नोंद ठेवणारे थर मात्र जोडीने येतात: खाली वाळू, वर चिखलाचा काळसर पापुद्रा. भरतीचा लोंढा वाळू आणतो. पाणी चढायचे थांबले की ते थोडा वेळ निवांत असते आणि तेवढ्यात तरंगणारा चिखल खाली बसतो. ही जोडी फरशीत नाही. शिवाय चुनखडकातल्या पुष्कळशा काळ्या नागमोडी रेषा थरांच्या नसतातच. वरच्या वजनाच्या दाबाने चुना विरघळतो आणि न विरघळणारी माती रेषेत उरते. या रेषा मोजल्या तर आकडा येईल, पण त्याला अर्थ नसेल.

वाळू-चिखलाच्या जोड्यांचा दगड मिळाला, तरी नुसते थर मोजून भागत नाही. बघायचा तो जाडीचा क्रम. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येते, तेव्हा थर जाड पडतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला ते पातळ होतात. एका उधाणापासून दुसऱ्यापर्यंत आज 14.77 दिवस जातात. दिवसाला दोन भरत्या असलेल्या किनाऱ्यावर तेवढ्यात 28 ते 29 भरत्या होतात. शिवाय एकाच दिवसाच्या दोन भरत्या बहुधा सारख्या नसतात, म्हणून जाड-पातळ, जाड-पातळ अशी आलटून-पालटून रांग लागते. हा दुहेरी चढउतार दिसला, तर भरतीचा दावा भक्कम.

मोजायची रीत अशी. तुकडा थरांना काटकोनात कापा. कापताना आणि घासताना सतत पाणी सोडा, कारण वाळूच्या दगडाची कोरडी धूळ फुफ्फुसाला फार वाईट. मग 220, 400, 800 नंबरचा सिलिकॉन कार्बाइडचा पॉलिश पेपर याच क्रमाने वापरा. स्कॅनरच्या काचेवर प्लास्टिकचा पातळ, स्वच्छ कागद टाकून दगड ओला असतानाच 1200 डीपीआयवर स्कॅन करा. एक बिंदू सुमारे 0.02 मिलिमीटरचा येतो. चित्रावर थरांना काटकोनात दोन समांतर रेषा ओढा आणि एका पापुद्र्याच्या माथ्यापासून पुढच्याच्या माथ्यापर्यंत मोजा. दोन रेषा अशासाठी, की लाटांच्या वळ्यांमुळे तोच थर एका जागी फुगलेला आणि बोटभर अंतरावर चिमटलेला असू शकतो. आडव्या अक्षावर थराचा क्रमांक, उभ्यावर जाडी, असा आलेख काढा. एकदोन चढउतारांवर विसंबू नका, ते योगायोगानेही दिसतात.

प्रश्न (एक शिक्षिका, परभणी): थर भरतीचा की वर्षातून एकदा पडलेला, हे ओळखण्यात तज्ज्ञांचीही चूक होते का?

उत्तर: होते, आणि त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पिची रिची खिंडीत सुमारे 62 कोटी वर्षांपूर्वीचे एलाटिना खडक आहेत. एका आवर्तनात दहा-बारा थर दिसल्यामुळे भूशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ते वार्षिक थर मानले आणि आवर्तन सूर्यडागांचे, म्हणजे साधारण अकरा वर्षांचे, ठरवले. अॅडलेडजवळच्या रेनेला इथले त्याच काळातले थर जास्त जाड आणि जास्त पूर्ण निघाले, तेव्हा उलगडा झाला: आवर्तन पंधरवड्याचे होते. दगडात थर कमी का? भांगाच्या दिवसांत प्रवाहाला वाळू उचलण्याएवढा जोर नसतो, मग अनेक पापुद्रे एकमेकांत मिसळून एकच काळा पट्टा होतो. कुठे वादळ वरचे थर खरवडून नेते, कुठे किडे चिखल उकरतात. त्यामुळे दगडातली मोजणी नेहमी 'किमान' समजावी. किडे येण्याआधीच्या काळातले थर जास्त शाबूत राहिले, त्याचे हे एक कारण. आपल्याकडे झारखंडातल्या चाईबासा भागातही असे प्राचीन थर अभ्यासले गेले आहेत.

प्रश्न (एक वाचक, अंबाजोगाई): सुमारे 62 कोटी वर्षांपूर्वी दिवस 22 तासांचा होता, हे दगडावरून कसे कळले?

उत्तर: एलाटिनात सुमारे 60 वर्षांची सलग नोंद सापडली. पंधरवड्यांच्या जाडीतही वर्षभराचा चढउतार होता, म्हणून वर्षात किती पंधरवडे ते मोजता आले: सुमारे 26.2, म्हणजे 13.1 चांद्रमास. आज वर्षात 12.37 चांद्रमास बसतात आणि वरच्या 0.37 साठी आपण अधिक महिना धरतो. रेनेलाच्या थरांवरून दिवसांचा हिशेब लागला आणि वर्षाचे दिवस आले सुमारे 400. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी तेव्हाही जवळपास आजएवढीच, 8766 तासांची. 8766 भागिले 400, म्हणजे 21.9 तास.

पृथ्वी चंद्रापेक्षा वेगाने फिरते, म्हणून भरतीचा फुगवटा चंद्राच्या जरा पुढे राहतो. तो चंद्राला पुढे ओढतो आणि पृथ्वीला मागे खेचतो. दिवस लांबत जातो, चंद्र दूर सरकतो. अपोलो यानांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर परतवून आजचा वेग मोजला आहे: वर्षाला 3.8 सेंटिमीटर. चंद्र जवळ असताना हा वेग जास्त असतो. ते धरून, पण महासागरांचा प्रतिसाद आजच्यासारखाच मानून मागे गेलो, तर सुमारे 150 कोटी वर्षांपूर्वीच चंद्र पृथ्वीला चिकटलेला निघतो, आणि चंद्राचे वय तर 450 कोटींच्या घरात. एलाटिनावरून निघालेला सरासरी वेग 2.17 सेंटिमीटरच आहे. म्हणजे आजचा वेगच नेहमीपेक्षा जास्त आहे. खंडांची मांडणी बदलली की महासागरांचा भरतीला मिळणारा प्रतिसादही बदलतो. हे गणिताने सुचवले तरी पुरावा दगडानेच द्यायचा असतो, म्हणून या थरांना एवढे मोल.

प्रश्न (एक शेतकरी, केज): विहिरीत मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण आणि मधे तांबडा पट्टा लागला. यात भरती सापडेल?

उत्तर: नाही. हे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. तांबडा पट्टा बहुधा दोन लाव्हांच्या मधल्या काळात झिजलेल्या जमिनीचा असतो. क्वचित मधे तळ्याचा गाळ लागतो, तोही गोड्या पाण्याचा. त्यात शिंपले-शंख दिसले, तर तुकडा फोडू नका. किती फुटांवर सापडला ते लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दाखवा.