अभियंता कोणाला म्हणावे?

प्रश्न असा आहे: तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्याने, किंवा अभियांत्रिकीची पदवी नसताना सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने, स्वतःला ‘अभियंता’ म्हणवून घेणे बरोबर आहे का? आणि ‘इंजिनिअर’ व ‘अभियंता’ यांत काही फरक मानावा का?

फरक आहे, आणि तो रोजच्या वापरात दिसतो. ‘मुलगी इंजिनिअर आहे’ म्हणजे तिने पदवी घेतली, मग नोकरी बँकेत का असेना. ‘अभियंता’ हा शब्द बहुतेक वेळा हुद्द्याबरोबर येतो: कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता. यांतल्या कनिष्ठ अभियंत्याच्या पदावर पदविकाधारक वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. त्यांना अभियंता म्हणू नये हा आग्रह मला अन्यायाचा वाटतो, आणि तो मराठीच्या वापरालाही धरून नाही.

कायद्याचीही आडकाठी नाही. १९७२च्या कायद्याने भारतात ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणी झालेल्यांपुरती राखली. ‘इंजिनिअर’ला तसे देशव्यापी संरक्षण मिळालेले नाही. ब्रिटनमध्येही नुसते ‘इंजिनिअर’ कोणीही म्हणवून घेऊ शकतो, राखीव आहे ते ‘चार्टर्ड इंजिनिअर’. कॅनडात मात्र प्रांतोप्रांतीचे कायदे कडक आहेत. तरीही आल्बर्टाने २०२३मध्ये कायदा बदलून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे नाव परवान्याविना वापरायला मोकळीक दिली. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या एका गृहस्थांनी सिग्नलच्या पिवळ्या दिव्याच्या वेळेचे गणित मांडताना स्वतःला इंजिनिअर म्हटले. परवाना नाही म्हणून राज्याच्या मंडळाने त्यांना ५०० डॉलर दंड केला. पुढे न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. परवाना हवा तो पुलाच्या आराखड्यावर सही करायला. शिकलेल्या विद्येचे नाव सांगायला तो कशाला?

मराठीची खरी अडचण वेगळीच आहे. अभ्यासक्रमांचा दर्जा परस्परांनी मान्य करण्यासाठी तीन आंतरराष्ट्रीय करार आहेत. १९८९चा वॉशिंग्टन करार ‘इंजिनिअर’ घडवणाऱ्या, साधारण चार वर्षांच्या पदवीसाठी, २००१चा सिडनी करार ‘टेक्नॉलॉजिस्ट’साठी, २००२चा डब्लिन करार ‘टेक्निशियन’साठी. भारत २०१४मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने त्यासाठी मान्य केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. सरसकट प्रत्येक बी.ई.ला नाही. अडचण अशी की ‘टेक्नॉलॉजिस्ट’ आणि ‘टेक्निशियन’ या दोघांनाही आपण ‘तंत्रज्ञ’च म्हणतो! एक नवी रचना बसवणारा, दुसरा ती चालती ठेवणारा; दोन्ही कामे मोलाची, पण वेगळी. माझ्या मते ‘टेक्नॉलॉजिस्ट’साठी ‘तंत्रविद’ रुळवावा आणि ‘तंत्रज्ञ’ टेक्निशियनसाठी ठेवावा.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर: दोघांनीही खुशाल अभियंता म्हणवून घ्यावे, फक्त आधी शाखा लावावी. ‘सॉफ्टवेअर अभियंता’ म्हटले की काम कळते. अर्जात किंवा निविदेत मात्र ‘स्थापत्य अभियंता (पदविका)’ अशी अर्हताही लिहावी, कारण तिथे वाचणाऱ्याला नेमके तेच हवे असते.