सबसिडी बिलात शोधा, बँकेत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इलेक्ट्रिक आणि सीएनजी गाड्यांवरच्या सरकारी सवलतींबद्दल आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. बहुतेक पत्रांत एकच समज दिसतो : आधी गाडी घ्यायची, मग अर्ज करायचा आणि पैसे खात्यात येण्याची वाट बघायची. घरगुती गॅसच्या सबसिडीमुळे तो रुजला असावा. केंद्राच्या वाहन योजनेत मात्र ग्राहकाचे काम गाडी ताब्यात घेण्याआधीच संपते, आणि तिथे राहिलेली चूक नंतर निस्तरत बसावी लागते.

प्रश्न : 3 किलोवॉट-तास बॅटरीची इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे. मेहुण्याला 2022 मध्ये एवढ्याच बॅटरीवर 45 हजारांची सबसिडी मिळाली होती. मला शोरूममध्ये 5 हजार सांगतात. हे फसवत आहेत का? आणि पैसे खात्यात कधी येतात? (इस्लामपूर)

फसवत नाहीत, दर खरोखरच घसरले आहेत. मेहुण्यांनी गाडी घेतली तेव्हा इलेक्ट्रिक गाड्यांसाठीची केंद्राची फेम-2 योजना चालू होती आणि दुचाकीला प्रति किलोवॉट-तास 15,000 रुपये मिळत. तीन गुणिले पंधरा, पंचेचाळीस हजार. 1 जून 2023 पासून तो दर 10,000 झाला आणि वर कारखाना-किमतीच्या (कारखान्यातून निघतानाच्या किमतीच्या) 15 टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे हिशेबाने 30 हजार निघाले, तरी 1 लाख 20 हजारांच्या स्कूटरला 18 हजारच. फेम-2 ही योजना 31 मार्च 2024 ला संपली. मधल्या सहा महिन्यांच्या तात्पुरत्या योजनेनंतर 1 ऑक्टोबर 2024 पासून 10,900 कोटींची ‘पीएम ई-ड्राइव्ह’ आली. तिचा पहिला दर प्रति किलोवॉट-तास 5,000, कमाल 10,000. आर्थिक वर्ष 2025-26 साठी 2,500, कमाल 5,000. तुमच्या गाडीचे साडेसात हजार होतात, पण मर्यादा पाच हजारांची. शोरूमचा आकडा याच दराचा आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये एकूण योजना 31 मार्च 2028 पर्यंत वाढवली, पण त्या दुरुस्तीत दुचाकी आणि तीनचाकींसाठीची मुदत 31 मार्च 2026 हीच ठेवली. शिवाय निधी आधी संपला तर सवलतही आधीच थांबते. म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी योजनेच्या पोर्टलवर तुमचे मॉडेल आणि त्या दिवशीचा दर पाहा. महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नका.

आता पैशांबद्दल. खात्यात काहीही येत नाही. सवलत बिलातच वजा होते आणि कंपनी ती रक्कम अवजड उद्योग मंत्रालयाकडून वसूल करते. त्यासाठी विक्रीच्या वेळी तुमच्या आधारची पडताळणी होते आणि मोबाइलवर ई-व्हाउचरची लिंक येते. व्हाउचरवर तुम्ही सही करून ते डीलरला द्यायचे, डीलर आपली सही करून पोर्टलवर चढवतो आणि त्याची प्रत दोघांनाही मेसेजने मिळते. ती जपून ठेवा.

हे अडते ते साध्या कारणांनी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना आणि बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. गाडी वडिलांच्या नावावर करायची असते आणि आधार मुलाचे दिलेले असते. किंवा त्या आधारवर याच योजनेत आधीच गाडी घेतलेली असते. एका आधारवर एकच गाडी असा नियम आहे. नंबर बदलायला आधार केंद्रात जावे लागते आणि नोंद व्हायला दिवस लागतात, तेव्हा हे काम बुकिंगच्या आधी उरका.

बिल हातात आले की तीन ओळी बघा. सवलत वेगळ्या ओळीत, योजनेच्या नावासह वजा दाखवलेली असावी. ‘विशेष सूट’ असे मोघम लिहिलेले चालवून घेऊ नका. दुसरी ओळ चार्जरची : तो किमतीतच आहे की वेगळा लावला आहे? दीड लाखांपेक्षा जास्त कारखाना-किमतीच्या दुचाकीला सबसिडी नसते. फेम-2 च्या काळात काही कंपन्यांनी चार्जर वेगळा विकून किंमत त्या मर्यादेखाली दाखवली होती आणि 2023 मध्ये ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करावे लागले होते. तिसरी ओळ सॉफ्टवेअर पॅक आणि वाढीव वॉरंटीची. ही खरेदी ऐच्छिक असते. ‘सबसिडीचा दावा नामंजूर झाल्यास रक्कम ग्राहक भरेल’ असा कागद पुढे आला तर सही करू नका. मॉडेल पात्र आहे की नाही हे कंपनीला आधीच माहीत असते, त्याची जोखीम ग्राहकाने उचलण्याचे कारण नाही.

प्रश्न : गावातल्या दुकानात लायसन्स, नंबर प्लेट काही न लागणारी स्कूटर मिळते. ‘सबसिडी वजा करूनच भाव लावलाय’ असे दुकानदार म्हणतो. (मंगळवेढा)

मग तो चूक सांगतो आहे. मोटार 250 वॉटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असलेल्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, हे बरोबर. पण पीएम ई-ड्राइव्हची सवलत नोंदणी होणाऱ्या, पात्र ठरलेल्या मॉडेललाच मिळते आणि तिची बॅटरी लिथियमसारख्या प्रगत प्रकारची असावी लागते. लेड-अॅसिड बॅटरीची गाडी तिथेच बाद होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा काही गाड्यांची वायर काढून किंवा कंट्रोलरची सेटिंग बदलून वेग 40-45 पर्यंत नेलेला असतो. त्या क्षणी कायद्याच्या नजरेत ती विनानोंदणी, विनाविमा मोटारसायकल होते. अपघात झाला तर भरपाई चालवणाऱ्याच्या खिशातून. दुकानदाराकडे टेस्टिंग संस्थेचे प्रमाणपत्र मागा (एआरएआय, आयकॅट वगैरे) आणि त्यावरचे मॉडेलचे नाव गाडीच्या चासीवरच्या पट्टीशी जुळवून पाहा.

प्रश्न : पेट्रोल रिक्षा काढून इलेक्ट्रिक घ्यायची आहे. ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक ऑटो यांत सबसिडी कशावर जास्त? परमिट लागेल का? (नाशिक)

या दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि फरक पोटापाण्याचा आहे. ई-रिक्षाचा कमाल वेग ताशी 25 किलोमीटर, प्रवासी चार, मोटार 2,000 वॉटपर्यंत. चढाच्या रस्त्यावर किंवा लांबच्या भाड्याला ती दमते. तुमच्या आताच्या रिक्षाची जागा घेईल ती एल-5 वर्गातली (ई-रिक्षापेक्षा वेगवान तीनचाकींचा वर्ग) इलेक्ट्रिक ऑटो. पीएम ई-ड्राइव्हमध्ये ई-रिक्षाला पहिल्या वर्षी 25 हजार आणि दुसऱ्या वर्षी 12,500 पर्यंत, तर एल-5 ला 50 हजार आणि नंतर 25 हजारांपर्यंत सवलत ठरली होती. मात्र एल-5 ची पहिल्या टप्प्याची संख्या इतक्या लवकर भरली की नोव्हेंबर 2024 मध्येच तिचा दर निम्मा झाला. तेव्हा ही सवलत अजून चालू आहे का ते पोर्टलवर पाहा आणि डीलर जी रक्कम सांगेल ती ‘आज, या मॉडेलला’ अशी लेखी घ्या. राज्याच्या 2025 च्या धोरणातही तीनचाकीला किमतीच्या 10 टक्के, कमाल 30 हजारांची तरतूद आहे, तिचेही विचारा.

परमिटमधून बॅटरीवरच्या वाहतूक गाड्यांना केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये सूट दिली आहे. पण बॅज, फिटनेस आणि विमा यांतून सुटका नाही. नंबर प्लेट हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असली पाहिजे. पांढरी अक्षरे खासगी गाडीला असतात.

आमचे मत विचाराल तर सबसिडीपेक्षा कर्जाचा व्याजदर आणि बॅटरीची वॉरंटी यांवर जास्त वेळ घालवा. रोज चालणाऱ्या गाडीत वर्षांच्या आधी किलोमीटरची मर्यादा संपते. वॉरंटीत ‘यांपैकी जे आधी होईल ते’ असे वाक्य असतेच. तुमचे रोजचे किलोमीटर त्या आकड्याला लावून पाहा, म्हणजे वॉरंटी खरोखर किती वर्षांची आहे ते कळेल.

प्रश्न : पुण्यात राहतो, इलेक्ट्रिक कार घ्यायचा विचार आहे. एकूण कोणकोणते फायदे मिळतात? (पुणे)

केंद्राची थेट सबसिडी खासगी कारला नाही. पीएम ई-ड्राइव्हमध्ये कार हा विभागच नाही. केंद्राचा फायदा करातून येतो : इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी 5 टक्के. सप्टेंबर 2025 च्या कपातीनंतर छोट्या पेट्रोल आणि सीएनजी कारला तो 18 टक्के आहे, त्यामुळे फरक पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात 15 टक्के सूट मिळते आणि नोंदणी शुल्क नाही.

कर्जाच्या व्याजावर दीड लाखांची वजावट मिळते असे अजून काही विक्रेते सांगतात. ती आयकर कायद्याच्या 80-ईईबी कलमाची सवलत 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. त्या काळातले कर्ज अजून फिटत असेल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल, तर ती चालू राहते. नव्या कर्जाला नाही.

खरा फायदा राज्याकडून. महाराष्ट्राचे इलेक्ट्रिक वाहन धोरण 2025 हे 31 मार्च 2030 पर्यंत आहे. मोटार वाहन करातून पूर्ण माफी आहे आणि खासगी कारला मूळ किमतीच्या 10 टक्के, कमाल दीड लाखांचे प्रोत्साहन आहे. म्हणजे 12 लाखांच्या गाडीला 1 लाख 20 हजार, पण 18 लाखांच्या गाडीला 1 लाख 80 हजार नव्हे, दीडच. किती गाड्यांना द्यायचे याची संख्या ठरलेली आहे, म्हणून ती रक्कम बिलातून वजा होणार की नंतर, हे बुकिंगआधी डीलरच्या लेटरहेडवर लिहून घ्या. वजा होत नसेल तर ती मिळणारच नाही असे धरून हप्ता बसवा.

टोलबद्दल गैरसमज फार आहेत. माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिघांवर आहे, तीही कार आणि बससाठी. मालवाहू गाड्या त्यात नाहीत. पुण्याहून साताऱ्याला जाताना खेड-शिवापूरला टोल भरावाच लागेल, कारण तो राष्ट्रीय महामार्ग आहे. माफीच्या रस्त्यावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले, तर आधी आपल्या टॅगवरचा वाहन क्रमांक आरसीशी जुळतो का पाहा. मग कपातीचा मेसेज, तारीख, वेळ आणि नाका लिहून तक्रार करा.

घरच्या चार्जिंगचेही थोडे सांगतो, कारण सवलतीच्या नादात ते राहून जाते. चार्जिंग स्टेशनसाठी पीएम ई-ड्राइव्हमध्ये 2,000 कोटी ठेवले आहेत, ते सार्वजनिक चार्जिंगसाठी. घरच्या चार्जरला त्यातून काही मिळत नाही. घरी चार्जिंग करायला परवाना मात्र लागत नाही. 15 अँपिअरच्या सॉकेटवरून साधारण 3.3 किलोवॉट मिळतात, म्हणजे 30 किलोवॉट-तासांच्या बॅटरीला रिकामी ते पूर्ण नऊ-दहा तास. सलग इतका वेळ ओढ पडली की स्वस्त सॉकेटची पिन सैल होते, तापते, प्लास्टिक तपकिरी पडते. तपकिरी डाग दिसला की त्याच दिवशी सॉकेट बदला, एक्स्टेंशन बोर्ड तर कधीच नको. 7.4 किलोवॉटचा चार्जर लावणार असाल तर तो 32 अँपिअर घेतो. त्याला 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (अंतर लांब असल्यास 10), 40 अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की तोडणारा स्विच) लागतो. वीज मीटरचा मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो. चार्जर लाल दिवा लावून थांबत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. सोसायटीत मीटरपासून पार्किंगपर्यंत अर्थची वायर वेगळी ओढलेली आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

प्रश्न : जुन्या पेट्रोल कारला सीएनजी किट बसवले तर सबसिडी मिळते का? (कल्याण)

नाही. सीएनजीला सरकारने प्रोत्साहन दिले ते इंधनावरच्या करातून : महाराष्ट्राने 1 एप्रिल 2022 पासून व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला. नवी सीएनजी कार घेतली तर 2025 पासून वाहन कर उलट एक टक्का वाढला आहे.

किट घ्यायचेच असेल तर तुमच्या मॉडेलसाठी मान्यता असलेलेच घ्या आणि ते मान्यताप्राप्त केंद्रातच बसवा. आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. ही शेवटची दोन कामे लोक पुढे ढकलतात आणि अपघातानंतर दावा तिथेच अडतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख गाडीवरच्या प्लेटवर असते आणि ती उलटून गेली असेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत. 60 लिटरच्या टाकीत 60 किलो गॅस मावत नाही, नऊ-दहा किलो मावतो. बचतीचा हिशेब त्यावर करा.